पाच देशांच्या सामाजिक धोरणांची तुलना करायची, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला. प्रबंधासाठी तुम्ही स्वीडन, जर्मनी, इटली, जपान आणि अमेरिका असे पाच देश निवडलेत. कोणता देश जीडीपीच्या किती टक्के रक्कम सामाजिक योजनांवर खर्च करतो याचा तक्ता तयार आहे, त्यावरून क्रमही लावून झाला आहे. मार्गदर्शकांनी मात्र एका प्रश्नाने काम अडवून धरलंय: जागतिकीकरणाच्या रेट्याखाली सगळ्यांचीच धोरणं एका साच्यात चालली असतील, तर तुलना करून हाती काय लागणार? म्हणून तुम्ही विचारताय, देश बदलू की विषयच बदलू?

यातलं काहीच बदलायची घाई करू नका. मार्गदर्शकांची शंका रास्त आहे, पण तिचा रोख तुमच्या विषयापेक्षा तुमच्या तक्त्याकडे आहे. तक्त्यात पाच देश आहेत, तुलना नेमकी कशाची चालली आहे हे मात्र अजून ठरलेलं दिसत नाही. खर्चाच्या टक्क्यात धोरण असतं, तसंच लोकसंख्येचं वय असतं, बेरोजगारी असते, करपद्धती असते, आणि जीडीपी कसा मोजला जातो तेही असतं. हे सगळं एका आकड्यात कालवलं गेलं की त्यातून धोरण वेगळं काढता येत नाही.

पुढचं बरंचसं तुमचा प्रश्न नेमका काय आहे यावर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. ‘व्यापार खुला झाल्यावर सरकारं सामाजिक खर्च कमी करतात का?’ असं शोधायचं असेल, तर वीस-पंचवीस देश, तीस-चाळीस वर्षांची आकडेवारी आणि संख्याशास्त्र यांना पर्याय नाही. तिथे पाच देश अपुरे पडतील. ‘एकाच अडचणीत सापडलेल्या माणसाला वेगवेगळ्या देशांत काय मिळतं आणि का?’ असं शोधायचं असेल, तर पाच देशसुद्धा जास्त होतील. तुमच्या लिहिण्यावरून मला हा दुसरा प्रश्न तुमचा वाटतो, म्हणून त्या अंगाने उत्तर देते. मी स्वतः वृद्धांची शुश्रूषा आणि निवृत्तिवेतन या भागात काम करते, तेव्हा उदाहरणंही तिथलीच जास्त येतील.

आधी खर्चाच्या टक्क्याचा निकाल लावू. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या सार्वजनिक सामाजिक खर्चाच्या यादीत फ्रान्स तीस टक्क्यांच्या वर दिसतो, अमेरिका कोविडपूर्वी एकोणीसच्या आसपास होती. एवढंच वाचलं तर अमेरिका हात आखडणारी ठरते. पण त्याच संस्थेचा ‘निव्वळ एकूण’ सामाजिक खर्चाचा तक्ता काढून बघा. त्यात नोकरीतून मिळणारा आरोग्यविमा आणि पेन्शन यांसारखा खासगी खर्च मिळवलेला असतो, करसवलती धरलेल्या असतात, आणि भत्त्यांवर परत कापला जाणारा कर वजा केलेला असतो. तिथे अमेरिका तीस टक्क्यांच्या जवळ जाऊन फ्रान्सच्या पाठोपाठ बसते. उलट डेन्मार्क, स्वीडन यांचे आकडे खाली येतात, कारण सरकार एका हाताने दिलेल्या भत्त्यावर दुसऱ्या हाताने कर घेतं. दोन्ही तक्ते खरेच आहेत. अमेरिकेत तो खर्च माणसाच्या नोकरीला बांधलेला आहे, आणि नोकरी सुटली की त्यातलं काय उरतं, हे त्या टक्क्यात कुठेच दिसत नाही. धोरण म्हणून अभ्यासायचं ते हेच.

भाजकाचीही हीच गत. २०१५ साली आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढला असं पहिल्यांदा जाहीर झालं होतं. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटं आणि इतर बौद्धिक संपदा कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवली, हे त्याचं मोठं कारण. सामान्य आयरिश माणसाचं उत्पन्न काही तेवढं वाढलं नव्हतं. पण भागाकार जीडीपीने केला की सामाजिक खर्चाचा टक्का एकदम खाली येतो. त्यासाठी कुणाचा भत्ता कापावा लागत नाही, तरी आलेखात ‘कपात’ दिसते. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने पुढे राष्ट्रीय उत्पन्नाचं एक सुधारित माप काढलं ते अशाच कारणाने. म्हणजे जागतिकीकरण तुमच्या निष्कर्षात येण्याआधी तुमच्या मोजपट्टीत शिरलेलं असतं. आयर्लंड तुमच्या पाचांत नसला, तरी पद्धतीच्या प्रकरणात हे उदाहरण जरूर घ्या.

योजनांच्या नावांवरही विसंबू नका. १९८० आणि ९०च्या दशकांत नेदरलँड्समध्ये कामास असमर्थ म्हणून भत्ता घेणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या जवळ गेली होती, आणि देशाची लोकसंख्या होती साधारण दीड कोटी. एवढ्या लोकांना अचानक आजारपण आलं नव्हतं. उद्योग माणसं कमी करत होते, आणि बेकारी भत्त्यापेक्षा हा रस्ता मालकांना आणि कामगार संघटनांनाही सोयीचा पडत होता. नुसत्या बेकारी योजना शेजारी शेजारी मांडणाऱ्याला हे लोक दिसणारच नाहीत. एखादी योजना प्रत्यक्षात कोणतं काम करते ते धरून तुलना करायची. तेच काम दुसऱ्या देशात भलत्याच खात्यात चाललेलं असू शकतं, किंवा कुठल्याच खात्यात नसून घरातली एखादी बाई ते करत असते.

आता माझी पद्धत सांगते. मी एक माणूस कल्पिते आणि तोच माणूस प्रत्येक देशात नेऊन ठेवते. ही युक्ती जुनी आहे. कर आणि भत्ते यांची तुलना करताना ओईसीडी नमुना कुटुंबं वापरते, त्यामागची कल्पना हीच. माझ्या कागदावरची बाई अशी: वय ८२, विधवा, पेन्शन मध्यम, राहायला स्वतःचं छोटं घर. पक्षाघातानंतर एक बाजू कमजोर झाली आहे, त्यामुळे अंघोळ, कपडे, उठणं-बसणं याला मदत लागते. बुद्धी शाबूत आहे. एकच मुलगी, वय ५४, पूर्णवेळ नोकरी, वेगळं घर. आता विचारायचं एवढंच: सोमवारी सकाळी या बाईंना अंघोळ कोण घालतं, आणि त्याचे पैसे कोण देतं?

जर्मनीत १९९५ पासून सक्तीचा शुश्रूषा विमा आहे. तपासणीला माणूस घरी येतो, पाचपैकी एक श्रेणी ठरते, आणि उत्पन्न कुणी विचारत नाही. समजा बाईंना तिसरी श्रेणी मिळाली. मग त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. मान्यताप्राप्त संस्थेकडून सेवा घेतल्या, तर २०२५च्या दराने महिन्याला १,४९७ युरोंपर्यंतचा खर्च विमा उचलतो. किंवा रोख ५९९ युरो घ्यायचे आणि आपली व्यवस्था आपण लावायची. दोन्ही थोडं थोडं घेतलेलंही चालतं. रोख रक्कम सेवेच्या निम्मीही नाही, तरी घरी राहणाऱ्यांमध्ये रोखीकडे ओढा जास्त आहे. हा विमा सगळा खर्च भागवणार नाही हे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेलं आहे. वरचं बाई भरतात, नाही जमलं तर कुटुंब, आणि तेही थकलं तर सामाजिक साहाय्य.

जपानने २००० साली आपला विमा सुरू केला, तो जर्मनीचा बारकाईने अभ्यास करून. रोख रकमेचा पर्याय मात्र जाणूनबुजून ठेवला नाही. त्यावर तिथे मोठा वाद झाला होता. स्त्रियांच्या संघटनांचं म्हणणं होतं, की घरात रोख पैसे येऊ लागले की सुनेने घरी राहून सासू-सासऱ्यांचं करायचं हे कायमचं ठरून जाईल. त्यांचा मुद्दा टिकला आणि विमा फक्त सेवा देणारा झाला. चाळीस वर्षांवरचे सगळे हप्ता भरतात, निम्मा पैसा करांतून येतो, विमा नगरपालिका चालवते आणि सेवा घेणारा सहसा दहा टक्के भरतो. आपल्या बाईंकडे सकाळी संस्थेची सेविका येईल, किंवा गाडी येऊन त्यांना दिवसभराच्या केंद्रात नेईल आणि अंघोळ तिथेच होईल.

इटलीत १९८०च्या कायद्याने आलेला एक भत्ता आहे. उत्पन्नाची अट नाही, महिन्याला पाचशे युरोंच्या थोडा वर, गरज कमी असो की जास्त रक्कम तीच, आणि पैसे कशावर खर्चले याचा हिशेब कुणी मागत नाही. घरपोच सार्वजनिक सेवा तोकडी आहे. मग मुलगी त्या भत्त्यात स्वतःची भर घालून घरातच राहणारी एक बाई ठेवते. ती रोमानिया, युक्रेन किंवा मोल्दोव्हातून आलेली असते. तिथे तिला ‘बादान्ते’ म्हणतात. २००२ मध्ये इटलीने कागदपत्रं नसलेल्या परदेशी कामगारांना नियमित करून घेतलं, तेव्हा आलेल्या सुमारे सात लाख अर्जांपैकी जवळपास निम्मे घरकाम आणि शुश्रूषा करणाऱ्यांचे होते.

उरलेले दोन देश लवकर आटपते. स्वीडनमध्ये नगरपालिका गरज तपासते, करांच्या पैशातून सेवा देते, आणि बाईंकडून घ्यायच्या शुल्काला २००२ पासून देशभर कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा आहे, पण वर्षानुवर्षं चालणारी रोजची शुश्रूषा त्यात बसत नाही. ती मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना देते, तेही जवळची पुंजी जवळपास संपल्यावर. त्यामुळे अगदी गरीब बाईपेक्षा आपली मध्यम पेन्शनवाली बाईच तिथे जास्त कात्रीत सापडते.

हा कागद एकदा भरला की तुमचा पहिला तक्ता वेगळा दिसू लागतो. एकूण खर्चाच्या टक्क्यात जर्मनी आणि इटली शेजारी आहेत. समाजशास्त्रज्ञ एस्पिंग-अँडरसन यांनी १९९० मध्ये कल्याणकारी धोरणांवरून अठरा देशांचे जे तीन गट पाडले, उदारमतवादी, परंपरानिष्ठ आणि सामाजिक लोकशाहीवादी, त्यातही हे दोघे एकाच गटात आहेत. पण त्या वर्गीकरणाचा पाया पेन्शन, आजारपण आणि बेकारी हा होता. घरात बिनपगारी होणारी शुश्रूषा त्यात मोजलेलीच नव्हती, आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यावर पुढे नेमकं बोट ठेवलं. अंघोळीच्या प्रश्नापाशी आलं की जर्मनी आणि इटली लांब जातात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जर्मनीतली रोख घेणारी बाई इटलीतल्या बाईच्या जवळ येते आणि जर्मनीतलीच सेवा घेणारी बाई जपानमधल्या बाईच्या जवळ जाते. म्हणजे देशांच्या सरासरीखाली दोन वेगळे जर्मनी आहेत. गट पाडण्याला माझा विरोध नाही. गट हे गृहीतक म्हणून घ्या आणि तुमच्या कागदावर ते टिकतं का ते तपासा. देश भरून ठेवायचे कप्पे म्हणून ते वापरलेत तर प्रबंधाचं उत्तर आधीच ठरून जातं.

आता मार्गदर्शकांच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘जागतिकीकरण सगळ्यांना सारखं करतं’ हे म्हणणं बहुतेकदा भांडवल आणि मालाचा विचार करून मांडलेलं असतं: कारखाना हलू शकतो, म्हणून सरकारं कर आणि खर्च कमी करण्याच्या शर्यतीत उतरतात. यात तथ्य आहे. ओईसीडी देशांत कंपन्यांवरच्या कराचा सरासरी दर २००० च्या सुमारास ३२ टक्क्यांच्या आसपास होता, तो गेल्या काही वर्षांत २४ च्या खाली आला, आणि २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांना एकत्र येऊन १५ टक्क्यांचा किमान कर मान्य करावा लागला. पण त्याच काळात सामाजिक खर्च घसरला नाही. ओईसीडीची सरासरी १९८० मध्ये जीडीपीच्या साधारण १५ टक्के होती, ती आज २० च्या वर आहे. १९७८ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन या राज्यशास्त्रज्ञाने आणि १९९८ मध्ये अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी तर उलट संबंध दाखवला: ज्या अर्थव्यवस्था जास्त खुल्या, त्यांची सरकारं बहुधा मोठी, कारण बाहेरच्या धक्क्यांपासून लोकांना आधार द्यावा लागतो. दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. १९९७ च्या आशियाई संकटात नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, आणि १९९९ मध्येच तिथे किमान उपजीविकेची हमी देणारा नवा कायदा झाला. अर्थात त्याच कोरियात वृद्धांमधली गरिबी आजही विकसित देशांत सगळ्यात जास्त गणली जाते, तेव्हा ‘संकटाने कल्याणकारी राज्य आणलं’ एवढ्यावर थांबू नका. राष्ट्रीय पेन्शन १९८८ मध्ये सुरू झाली; त्या वेळी उतारवयात असलेल्यांच्या खात्यात हप्त्यांची वर्षंच जमली नाहीत.

शुश्रूषेत तर जागतिकीकरण वेगळ्याच रूपात येतं. कारखाना हलवता येतो, अंघोळ घालण्याचं काम परदेशात पाठवता येत नाही. तिथे माणूसच यावा लागतो. आणि तो माणूस कसा येतो, कुठे राहतो, कोणत्या कायद्याखाली काम करतो, हे त्या देशाच्या योजनेतल्या एखाद्या कलमाने ठरतं. इटलीत बिनहिशेबी रोख रक्कम आहे, म्हणून परदेशी बाई थेट कुटुंबाच्या घरात येते आणि कुटुंबच तिचं मालक असतं. जपानमध्ये कुटुंबाच्या हाती रोख नाही, म्हणून परदेशी कामगार आले ते संस्थांमध्ये: २००८ पासून इंडोनेशिया, २००९ पासून फिलिपिन्स आणि २०१४ पासून व्हिएतनामशी झालेल्या करारांखाली, आणि टिकून राहायचं तर जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा देऊन. २०१९ मध्ये वेगळ्या व्हिसाने ही वाट रुंद केली गेली, पण तेव्हाही काम संस्थांमार्फतच राहिलं.

जर्मनीत रोख घेणाऱ्या घरांनी पूर्व युरोपातून बायका आणल्या. २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयापुढे अशाच एका बल्गेरियन बाईचा दावा आला. करारात आठवड्याला ३० तास लिहिलेले होते. तिचं म्हणणं, की वृद्धेसाठी रात्रंदिवस हजर राहावं लागत होतं. ताटकळत हजर राहण्याच्या वेळेलाही किमान वेतन लागू होतं, असं न्यायालयाने ठरवलं. त्या निकालाच्या उजेडात ५९९ युरोंचा आकडा पुन्हा वाचा. त्या रकमेत चोवीस तासांची शुश्रूषा कशी बसत होती, आणि फरक कोण सोसत होतं, हे लगेच कळतं.

म्हणून मार्गदर्शकांना असं उत्तर द्या: वृद्धत्व सगळीकडे आलं, मजुरांचा जागतिक बाजार सगळ्यांना तोच होता, तरी निकाल वेगळे लागले, ते का वेगळे लागले हे सांगण्यासाठीच तुलना हवी. बाहेरचा दाब समान असेल तर तुलनेला उलट जोर येतो, कारण मग फरकाचं कारण आतल्या रचनेत शोधता येतं.

इथे मी तुमच्या यादीत ऑस्ट्रियाची भर सुचवेन, आणि त्या बदल्यात स्वीडन आणि अमेरिका मागे ठेवायला सांगेन. १९९३ पासून तिथे सात श्रेणींचा रोख शुश्रूषा भत्ता आहे. त्याच्या आधाराने स्लोव्हाकिया आणि रोमानियातल्या बायका आळीपाळीने येऊन घरात राहून काम करू लागल्या, आणि २००७ मध्ये सरकारने या चोवीस तासांच्या शुश्रूषेला कायदेशीर चौकट दिली. २०२० मध्ये महासाथीने सीमा बंद झाल्या तेव्हा या बायकांना आणण्यासाठी विशेष विमानं आणि पुढे रोमानियातून विशेष रेल्वे सोडावी लागली. पण तुमच्यासाठी याहून बोलका आहे तो बालभत्त्याचा प्रसंग. परदेशी कामगारांची मुलं मायदेशी राहत असतील, तर त्या देशातल्या महागाईच्या मानाने भत्ता ठरवायचा, असा नियम ऑस्ट्रियाने २०१९ पासून लागू केला. स्वस्त देशातल्या मुलाला कमी. युरोपीय न्यायालयाने जून २०२२ मध्ये तो रद्द ठरवला: ती आई ऑस्ट्रियात इतरांसारखेच कर आणि हप्ते भरते, मग तिच्या मुलाचा भत्ता कमी का?

आता ऑस्ट्रियाच्या खात्यात काय दिसतं ते बघा. व्हिएन्नातल्या वृद्धेची सोय दिसते. तिची काळजी घेणाऱ्या बाईच्या स्वतःच्या मुलांकडे आणि म्हाताऱ्या आईकडे रोमानियाच्या एखाद्या गावात कोण पाहतं, हे मात्र ऑस्ट्रियाच्या आकड्यांत नाही आणि रोमानियाच्याही नाही. एका देशाच्या धोरणाचा खर्च दुसऱ्या देशातल्या घरांत उतरतो आणि कुठेच नोंदला जात नाही. मला या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. देश सुटे सुटे धरून केलेल्या कुठल्याही क्रमवारीत ही बाई येणार नाही, आणि ऑस्ट्रियाचा क्रम चांगला दिसण्याला तिचाही हातभार लागलेला असेल.

देश सुटे नसण्याची अडचण पद्धतीच्या अंगानेही आहे, तीही थोडक्यात सांगते. मानववंशशास्त्रज्ञ टायलर यांनी अनेक समाजांची तुलना करणारा निबंध मांडला, १८८९ मध्ये तो छापूनही आला, तेव्हा संख्याशास्त्राचे अभ्यासक फ्रान्सिस गॉल्टन यांनी विचारलं होतं की हे समाज खरंच एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, की त्यांनी चालीरीती एकमेकांकडून उचलल्या? उचलल्या असतील तर दहा उदाहरणं दहा राहत नाहीत. आज धोरणं उचलणं तर राजरोस चालतं. चिलीने १९८१ मध्ये लष्करी राजवटीत पेन्शन खासगी खात्यांत वळवली. लष्कराला स्वतःला मात्र त्यातून वगळलं. १९९४ मध्ये जागतिक बँकेने खासगी खात्यांचा पुरस्कार केला, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मोजणीप्रमाणे १९८१ ते २०१४ या काळात ३० देशांनी पेन्शनचं पूर्ण किंवा अंशतः खासगीकरण केलं. २०१८ पर्यंत त्यातले १८ माघारी फिरले होते. अर्जेंटिनाने २००८ मध्ये, हंगेरीने २०१० नंतर. या तीस देशांना तीस स्वतंत्र पुरावे मानून कुणी निष्कर्ष काढला तर तो लंगडा ठरेल. पण कोण फिरलं आणि कोण टिकून राहिलं, हा प्रश्न उत्तम आहे. तुमच्या पाचांत जर्मनी ते जपान ही उसनवारी आहेच, आणि सुदैवाने तिच्यात एक कलम मुद्दाम गाळलेलं आहे. एवढी चांगली संधी तुलनेत क्वचित मिळते, म्हणून ही जोडी शक्यतो सोडू नका.

कायद्यात लिहिलेलं आणि प्रत्यक्ष घडणारं यांत अंतर किती पडतं, याकडेही लक्ष ठेवा. वडिलांसाठीच्या पगारी बालसंगोपन रजेची लांबी मोजली, तर जपान २०१० च्या दशकातच जगात अगदी वर होता. ती रजा प्रत्यक्ष घेणारे वडील २०१८ मध्ये दहा टक्क्यांहून कमी होते. म्हणून माझ्या कागदावर प्रत्येक देशासाठी दोन ओळी असतात: हक्क काय आहे, आणि तो किती जण वापरतात. दुसरी ओळ भरायला कायद्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिथे विमा संस्थांचे वार्षिक अहवाल उपयोगी पडतात, घरगुती पाहण्या उपयोगी पडतात, आणि त्या देशात काम करणाऱ्या कुणाशी तरी तासभर बोलणं सगळ्यात उपयोगी पडतं.

तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: विषय ठेवा, खर्चाचा तक्ता परिशिष्टात हलवा, आणि जर्मनी, जपान, इटली, ऑस्ट्रिया हे चार देश एका बाईच्या प्रसंगाभोवती मांडा. चारही वृद्धत्वाकडे झुकलेले, चौघांचीही पेन्शन विम्याच्या पायावर उभी, कुटुंबाकडून अपेक्षा चौघांतही मोठी. एवढं सारखं असल्यावर रोख की सेवा हा फरक काय घडवतो ते नीट दिसेल. स्वीडन आणि अमेरिका एखाद्या प्रकरणात विरोधी टोकं म्हणून येऊ द्या. पीएचडी असेल तर चार देश पेलतील. एमएचा प्रबंध असेल तर जर्मनी-जपान किंवा इटली-ऑस्ट्रिया यांपैकी एक जोडी पुरे, आणि कोणती ते तुम्हाला कोणती भाषा वाचता येते त्यावर ठरवा. इंग्रजी सारांशांत कायद्याची रक्कम सापडते, अपवाद सापडत नाहीत.

कामाला लागताना एक तारीख ठरवून घ्या, उदाहरणार्थ १ जानेवारी २०२५, आणि सगळ्या देशांचे नियम आणि रकमा त्याच तारखेच्या घ्या. एका देशाचा २०१९ चा दर आणि दुसऱ्याचा २०२५ चा असं झालं की चर्चा दरांवरच अडकते. बाईंचं वर्णनही आधी पक्कं लिहून ठेवा, कारण काम करताना ते नकळत बदलत जातं: एका देशात ती जरा गरीब होते, दुसऱ्यात जरा जास्त आजारी. पहिला मसुदा झाला की तिची मुलगी काढून टाका आणि चारही देशांत पुन्हा विचारा. मुलगी नसताना कोणत्या देशाचं उत्तर सगळ्यात जास्त बदलतं, तिथून तुमचं विश्लेषणाचं प्रकरण सुरू होईल.